दाजी, कुंभारीण आणि 'पास'चा शिक्का

आमच्या दाजींकडून स्तुतीची अपेक्षा ठेवणाऱ्यानं "पास" या एका शब्दावर समाधान मानायला शिकावं. भाकरी चांगली फुगली की पास. चहा नीट उकळला की पास. त्यांच्या मुलीला बघायला आलेला धैर्यशील नावाचा मुलगा पोहे खाऊन, नमस्कार करून गेला, तेव्हा सगळं घर दाजींच्या तोंडाकडे बघत बसलं होतं. दाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पास." लग्न ठरलं. मी त्यांचा सख्खा मेहुणा, तीस वर्षांचा संबंध, पण मला अजून पास मिळालेला नाही.

दाजी म्हणजे हिंदुराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, हौसाआक्काचे यजमान. अठ्ठावीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांची इंजिनं उघडून बंद केली आणि दिल्ली छावणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कराडकडच्या गावी घर होतं, शेत होतं, पण एकुलती एक सुकन्या फरीदाबादला दिलेली. मग हे दोघं गुडगावात दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन राहिले. तेव्हा तिथं दर महिन्याला मोहरीचं एक शेत कमी व्हायचं आणि एक इमारत वाढायची. पलीकडे मानेसरला मोटारींचे कारखाने आले, त्यांच्यामागोमाग सुटे भाग करणारे आले, आणि त्यातल्या एका कंपनीत दाजी तपासनीस म्हणून लागले. पेट्रोलच्या टाकीत हवा जाण्यासाठी बोरूएवढी बारीक नळी असते, ती नळी ही कंपनी बनवायची. दाजी प्रत्येक नळीतून हवा फुंकून बघायचे, मापाची तार घालून बघायचे, आणि ट्रेच्या चिठ्ठीवर निळा शिक्का मारायचे: पास.

मी केंद्र सरकारच्या एका खात्यात असिस्टंट. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. माझ्या कामात पास-नापास अशी भानगड नसते, फाईल फक्त पुढच्या टेबलावर जाते. त्यामुळे दाजींच्या काटेकोरपणाचा मला भारी कंटाळा यायचा, हे आधीच कबूल करतो. माणूस साधं बोलायला बसला तरी हे त्याच्या वाक्याला तार घालून बघणार.

रविवारी मी आक्काच्या हातचं मटण खायला जायचो. पण थेट ताटावर बसता यायचं नाही. आधी गॅलरीत परेड व्हायची. "गुलाबराव, इकडे या." गेलं की दाजी भिंतीकडे बोट दाखवायचे. मेलेलं झुरळ घेऊन मुंग्या सरळ वर चढत असायच्या. "क्रेन नाही. सुपरवायझर नाही. आणि कुणी हाताची घडी घालून उभं नाही." शेवटचं वाक्य सरकारी नोकरांना उद्देशून असायचं. छतावरची पाल दाखवून म्हणायचे, "पायाला डिंक नाही, काही नाही, आणि काचेवर उलटी चालते. असे टायर आम्हाला मिळाले असते तर..." मला पालीची किळस येते. पण बोलायची सोय नव्हती, मटण आत होतं.

राजस्थानात असताना त्यांनी म्हणे एक अख्खी दुपार एका शेणकिड्यामागे घालवली होती. तो पठ्ठ्या मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत सरळ रेषेत चालला होता. दाजींनी वाटेत खुरपं आडवं घातलं. किडा गोळ्यावर चढला, वर उभा राहून एक गिरकी घेतली, सूर्याकडे बघून दिशा पक्की केली, खाली उतरला आणि पुन्हा त्याच रेषेत निघाला. "नकाशा नाही, होकायंत्र नाही," दाजी म्हणायचे. "आमचा लेफ्टनंट त्याच मैदानात दोनदा चुकला होता, गुलाबराव. जीपसकट."

हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण दाजींना चूक ऐकून गप्प बसता येत नसे. छावणीतल्या गणपतीत एकदा एक महाराज प्रवचनाला आले होते. त्यांनी कुंभारणीचा दाखला दिला. कुंभारीण म्हणजे ती मातीचं घर बांधणारी काळी-पिवळी माशी. महाराज म्हणाले, "ती दुसऱ्याची अळी उचलून आणते, तिच्यापाशी बसून गुणगुण करते, आणि त्या ध्यासानं परकी अळी तिच्यासारखीच होते." बायका माना डोलावत होत्या. आमची आक्का तर डोळे पुसत होती. दाजी उभे राहिले. "माफ करा महाराज. कुंभारीण आत स्वतःचं अंडं घालते. अळीला डंख मारून बधिर करते आणि पिल्लाला खायला ठेवते. मेली तर सडेल म्हणून मारत नाही. मी घर फोडून बघितलंय." महाराजांनी घाईघाईनं आरती घेतली. सुकन्या तेव्हा सात वर्षांची होती. मैत्रिणींसमोर मान खाली घालायची तिची ती पहिली वेळ, असं ती अजून सांगते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सुकन्याच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. डॉक्टर झाले, औषधं झाली, आक्काचे सोमवार-शुक्रवार झाले. धैर्यशील ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनिअर, शांत स्वभावाचा. तो कधी काही बोलला नाही, पण फरीदाबादच्या त्यांच्या फ्लॅटमधली तिसरी खोली तशीच रिकामी ठेवलेली होती, आणि तिथं कधी कपडेसुद्धा वाळत घातलेले मी पाहिले नाहीत.

आमच्याकडे समजूत आहे की कुंभारणीनं घरात मातीचं घर केलं की घरात मूल येतं. म्हणून ते घर कुणी मोडत नाही. केरसुणीसुद्धा त्याला वळसा घालून जाते. आक्का आठ वर्षं कुंभारणीची वाट बघत होती. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गुळगुळीत भिंतींवर ती यायला तयार नव्हती.

आणि दोन हजार साली, मार्च महिन्यात, जेवता जेवता दाजी सहज बोलून गेले, "कंपनीच्या शेडमध्ये खांबावर कुंभारणीनं घर केलंय. काय हात आहे! नुसता मडक्याचा गळा."

आक्कानं पोळीचं लाटणं खाली ठेवलं. "मोडायचं नाही."

"अगं, ते कंपनीत आहे. सुकन्या काय तिथं राहते?"

"तुम्ही राहता ना? सकाळी सातला बसमध्ये बसता ते संध्याकाळी सातला उतरता. घरापेक्षा तिथंच जास्त असता. म्हणजे घरच झालं."

या युक्तिवादात दाजींना तार घालायला जागा सापडली नाही. किंवा सापडली असेल, पण त्यांनी ती घातली नाही. एवढं मात्र खरं की दुसऱ्या दिवशी ते तयार मालाच्या शेडमध्ये गेले. तिथलं काम हेमलता बघायची. गढवालची बाई, दोन मुलांची आई, बोलायला तिखट. पास झालेला माल मांडणीवर लावायचा आणि पंधरा दिवसांनी गाडीत चढवायचा, हे तिचं काम. दर शनिवारी शेडची साफसफाई व्हायची. दाजी तिला म्हणाले, "हेमलताजी, इस कोने को हाथ नहीं लगाना."

"क्यों, साहब?"

"मेरा ऑर्डर समझिए."

हेमलतानं ऑर्डर पाळली. नुसता खांबच नाही, तर ती बाजूच तिनं सोडून दिली. झाडू नाही, फडकं नाही. शेजारी एक नळ गळत होता, त्यामुळे ओली माती तयारच. कुंभारणींना याहून चांगली कॉलनी सगळ्या गुडगावात मिळाली नसती. दाजी रोज येता-जाता खांबावरच्या मडक्याकडे बघायचे आणि संध्याकाळी आक्काला खबर द्यायचे. आक्का ती फोनवर फरीदाबादला कळवायची. सुकन्या नुसतं "अच्छा" म्हणायची.

मे महिन्यात घोटाळा झाला. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून निरोप आला की चाचणीला काढलेल्या गाड्या अर्ध्या तासात बंद पडतायत. टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा चालू होते. म्हणजे टाकीत हवा जात नव्हती. नळ्या कापून बघितल्या तर काहींच्या आत माती. तीही कशी? तोंडाशी घट्ट बसवलेली, वरून गुळगुळीत, कुणीतरी बोटानं लिंपल्यासारखी. सगळा माल परत आला.

पुढचं कंपनीतलं सगळं मला हेमलतानंच नंतर सांगितलं, कारण दाजी स्वतःबद्दल चार वाक्यं सलग बोलत नाहीत.

मॅनेजर बत्रासाहेबांनी डोकं चालवलं. नळ्या दाजींच्या हातून गेल्या तेव्हा साफ होत्या, शिक्का होता. सुभेदारसाहेबांचा शिक्का खोटा असणं शक्यच नाही. म्हणजे माती नंतर, शेडमध्ये भरली गेली. शेडमध्ये कोण? हेमलता. आणि हिवाळ्यातच तिनं साहेबांशी भांडून कंपनीची बस कामावरच्या बायका राहतात त्या वळणावर थांबवायला लावली होती. साहेबांच्या डोक्यात हिशेब जुळला. मुद्दाम केलेलं आहे. शुक्रवारपर्यंत खुलासा दे, नाहीतर घरी जा.

दाजींनी ती कापलेली नळी हातात घेतली. त्यांना एका नजरेत कळलं. कुंभारणीची एक चुलत बहीण असते. ती मडकं घडवत बसत नाही. तयार भोक शोधते, आत अंडं घालते, अळ्या भरते आणि तोंड मातीनं लिंपून टाकते. केसभर फरक ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, ते दाजी दोन महिने खांबावरचं मडकं बघत राहिले आणि शेजारच्या मांडणीवर काय चाललंय ते त्यांना दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी गावाहून आलेली काकवी पोचवायला गुडगावला गेलो होतो. दाजी आले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि आक्काला सगळं सांगितलं. "मी बोललो तर त्या बाईची नोकरी राहील. पण मग तो कोपरा साफ होणार. खांबावरचं घरही मोडणार."

"मोडू नका," आक्का म्हणाली. "आठ वर्षांनी आलीय ती."

आक्कानं ताटं घेतली, भाजी वाढली. काकवीचा डबा उघडला, वास घेतला, बंद केला. मी मान खाली घालून जेवत होतो. बऱ्याच वेळानं आक्कानं विचारलं, "त्या बाईला मुलं किती?"

"दोन."

"मग उद्या जाऊन सांगा." आणि ती पाणी आणायला म्हणून आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींनी बत्रासाहेबांना माशीची गोष्ट सांगितली. साहेब आधी हसले, मग चिडले. "सूबेदार साहब, आप कह रहे हैं कि एक मक्खी ने मेरी कंपनी की नाक कटवा दी?"

"एक नहीं सर, बहुत सारी. आप बैठिए, मैं दिखाता हूँ."

दाजींनी तीन मापांच्या नळ्यांचा एक ट्रे मागवला. सगळ्यांसमोर प्रत्येक नळी फुंकून दाखवली आणि ट्रे त्या कोपऱ्यात ठेवून समोर खुर्च्या मांडल्या. "येईल तर फक्त मधल्या मापात जाईल," असं आधीच सांगून ठेवलं. साहेब, दाजी, हेमलता आणि दाराशी जमलेली अर्धी कंपनी. शेडमध्ये मे महिन्याचं ऊन तापलेलं. नऊ वाजले, दहा वाजले. माशी नाही. कुणीतरी म्हणालं, "मैडम को बुलावा भेजा है?" हशा पिकला. हेमलता मला हे सांगताना म्हणाली, "मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माशीसाठी देवीला नवस बोलले." ती अर्थात हिंदीत म्हणाली होती.

अकराला पाच मिनिटं असताना ती आली. बारीक कंबर, पिवळे पट्टे. मोठ्या नळीत डोकावली, निघाली. अगदी बारीक नळीवर नुसती बसली, उडाली. मधल्या मापाच्या नळीत डोक्याकडून शिरली, बाहेर आली, वळली आणि उलटी आत गेली.

"गेज लगा रही है," दाजी हळूच म्हणाले. "आत आता छताला दोरीनं अंडं टांगेल."

मग ती हिरव्या अळ्या आणायला लागली. स्वतःच्या वजनाची अळी पोटाशी धरून यायची आणि पन्नास सारख्या नळ्यांमधून बरोबर त्याच नळीवर उतरायची. साहेबांनी गंमत म्हणून ट्रे वीतभर सरकवला. माशी आधी जुन्या जागी आली, हवेत दोन चकरा मारल्या, आणि आपली नळी शोधून आत गेली. आता कुणी हसत नव्हतं. साहेबांनी दुपारचा डबा तिथंच मागवला. खिशातून पेन काढून ते हातावर मातीच्या खेपा मोजायला लागले. चारच्या सुमारास, सतराव्या खेपेला, नळीचं तोंड बंद झालं. वर डोक्यानं दाबून गुळगुळीत केलेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

नळी उभी कापली. आत अंडं, त्याच्याखाली सहा अळ्या, जिवंत आणि गप्प. मग परत आलेल्या मालातली एक नळी कापली. तिच्यात ओळीनं तीन कप्पे. दाजी आता रंगात आले होते. "आई ठरवते मुलगी की मुलगा. मुली आतल्या कप्प्यात, मुलगे दाराशी. मुलगे आधी बाहेर पडतात आणि बाहेर नुसते बसून राहतात." हे ऐकून हेमलता म्हणाली, "हमारे गाँव में भी यही है."

साहेबसुद्धा हसले. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या धुळीकडे गेलं. "हर शनिवार सफाई होती है. यह कोना किसने छोड़ा?"

हेमलता गप्प राहिली. "आधी का नाही सांगितलंस?" असं मी तिला पुढे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मुझे लगा, सूबेदार साहब खुद बोलेंगे."

दाजी खुर्चीतून उठले आणि सावधानमध्ये उभे राहिले. "मेरा ऑर्डर था, सर."

"आपका? क्यों?"

काहीही सांगता आलं असतं. माशीचा अभ्यास करत होतो म्हणाले असते तर त्या दिवशी साहेबांनी ते मानलंही असतं. दाजी म्हणाले, "बेटी के लिए, सर. हमारे यहाँ मानते हैं कि यह घर बनाए तो घर में बच्चा आता है. मैं नहीं मानता. फिर भी नहीं तोड़ा."

हेमलताची नोकरी राहिली. नळ्यांच्या तोंडाला रबराच्या टोप्या बसवायची कल्पनाही तिचीच, आणि ती अजून चालू आहे. दाजींना कुणी काढलं नाही, पण शिक्का काढून घेतला आणि त्यांना फाटकाशी आलेला कच्चा माल उतरवून घ्यायला बसवलं. त्याच दिवशी खांबावरचं मडकं त्यांनी स्वतः खुरप्यानं उतरवलं. ते रिकामं होतं, पिल्लू केव्हाच उडून गेलं होतं. हे त्यांनी आक्काला मुद्दाम दोनदा सांगितलं.

त्यानंतर दाजींनी घरातही "पास" म्हणणं बंद केलं. भाकरी फुगली तरी नुसते जेवायचे. आक्का भाकरी वाढून क्षणभर थांबायची, मग तव्याकडे वळायची. मला एवढे दिवस त्या शब्दाचा राग होता, आणि आता तो ऐकू येईना म्हणून जेवण जाईना. मीसुद्धा विचित्रच माणूस म्हणायचा.

दोन वर्षांनी सुकन्या आणि धैर्यशीलनं दिल्लीतल्या एका संस्थेतून सात महिन्यांची मुलगी घेतली. आम्हाला फोनवर कळवलं तेव्हा आक्का फक्त "बरं" म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. आठवडाभर तिनं तो विषय काढला नाही. मला भीती वाटत होती, आणि सुकन्याला माझ्याहून जास्त. रविवारी ते तिघं गुडगावला आले तेव्हा ती दारातच थांबली. मुलीला छातीशी इतकं घट्ट धरलेलं की पोर रडायला लागली.

"आत ये की," आक्का म्हणाली. तिनं हात पुढे केले आणि मुलीला घेतलं. मांडीवर आडवं घातलं, पाय हलवत हलवत तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायला लागली. शब्द नव्हते त्यात, नुसता सूर. पोरीनं रडणं थांबवलं आणि टकामका बघायला लागली.

"असंच असतं बघ, सुकन्या," आक्का मान वर न करता म्हणाली. "कुंभारीण नाही का, परकी अळी उचलून आणते, गुणगुणते, आणि आपल्यासारखी करून टाकते. तसंच आहे हे."

सुकन्यानं झटकन बापाकडे बघितलं. मीही बघितलं. धैर्यशीलनं तर डोळेच मिटले. भर मांडवात महाराजांना उभं राहून खोडून काढणारा माणूस समोर बसला होता. अंडं, डंख, सहा अळ्या, सगळं पुराव्यानिशी पाठ असलेला. दाजींनी घसा साफ केला. उठले. आक्काच्या मांडीजवळ गुडघ्यावर बसले. पोरीच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं, तिनं ते मुठीत धरलं. त्यांनी बोट हलकेच ओढून बघितलं. ती सोडेना.

दाजींनी आधी आक्काकडे बघितलं, मग पोरीकडे.

"पास," ते म्हणाले.